मॉडेल टीच्या मागच्या चाकातून पुन्हा पुन्हा तेल गळतंय? सील बदलण्याआधी हे तपासा

फोर्ड मॉडेल टी (शंभरेक वर्षांपूर्वीची गाडी) सांभाळणाऱ्यांची एक तक्रार कायमची आहे. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूनं तेल उतरतं, लाकडी आऱ्यांवर काळे ओघळ येतात, टायरची कड ओली राहते. मिस्त्री हब (चाकाचा मधला भाग) काढतो, तेल अडवणारं फेल्ट (दाबलेल्या लोकरीची चकती) किंवा सील नवं घालतो. थोडे दिवस चाक कोरडं राहतं आणि मग पुन्हा तेच सुरू होतं. दुसऱ्यांदा सील, तिसऱ्यांदा सील, मग "जुनी गाडी आहे, गळणारच" असं म्हणून खाली पत्र्याचा ट्रे ठेवला जातो.

असं करू नका. या गाडीत मागच्या चाकातली गळती हा नुसता स्वच्छतेचा प्रश्न नाही, ब्रेकचा प्रश्न आहे. मॉडेल टीचा पायाचा ब्रेक चाकांवर लागतच नाही. तो इंजिनामागच्या गिअरबॉक्समधल्या ड्रमभोवती पट्टा आवळतो. तिथून ड्राइव्ह शाफ्ट (मागे जाणारा लांब दांडा), पिनियन आणि क्राउन व्हील (जोर चाकांकडे वळवणारी छोटी-मोठी दातेरी चाकं), डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी), ॲक्सल शाफ्ट (तिथून चाकापर्यंतचा दांडा), चावी (हब शाफ्टवर अडकवणारा धातूचा तुकडा) आणि हब एवढ्या सगळ्यांतून तो जोर चाकापर्यंत जातो. यातलं काहीही एक तुटलं किंवा सुटलं की पायाचा ब्रेक दाबून उपयोग नाही. मग हाताशी उरतो तो हातब्रेक, कारण तोच तेवढा मागच्या चाकांच्या ड्रममध्ये लागतो. आणि गळणारं तेल नेमकं त्याच ड्रममध्ये शिरतं. घाटात उतरताना ज्या दिवशी त्याची खरी गरज पडेल, त्या दिवशी तेलात भिजलेले शू (ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे तुकडे) काहीही धरणार नाहीत.

आता मूळ कारण. सील का टिकत नाही हे कळायला हा ॲक्सल बांधलाय कसा ते समजून घ्यावं लागतं. मॉडेल टीचा ॲक्सल सेमी-फ्लोटिंग जातीचा आहे. म्हणजे चाक फिरवण्याचं काम तर शाफ्ट करतोच, शिवाय गाडीचं वजन आणि वळणावरचा आडवा धक्काही त्याच शाफ्टवर येतो. शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला हब टेपरवर (निमुळत्या भागावर) बसतो, चावीनं अडकतो आणि नटनं आवळला जातो. हबच्या थोडं आत हायॅट रोलर बेअरिंग आहे. पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळून केलेले त्याचे रोलर थोडे लवचिक असतात. सेल्युलॉइडसाठी प्रसिद्ध असलेल्या जॉन वेस्ली हायॅटचीच ही कल्पना, आणि त्याची कंपनी पुढे आल्फ्रेड स्लोननं (नंतर जनरल मोटर्सचा प्रमुख) नावारूपाला आणली. आपल्या कामाचा मुद्दा असा की या बेअरिंगला आतली रिंग नाही. रोलर थेट शाफ्टच्या अंगावर फिरतात. बाहेरून ते हाउसिंगमध्ये (ॲक्सलच्या बाहेरच्या आवरणात) बसवलेल्या पोलादी स्लीव्हमध्ये असतात.

बाहेरच्या टोकाला तेल अडवायला मूळ गाडीत काय आहे? एक फेल्टचा वॉशर आणि पत्र्याची टोपी. बस्स. फेल्ट ग्रीस धरून ठेवतं आणि धूळ बाहेर ठेवतं. पातळ तेल ते फार वेळ थोपवू शकत नाही आणि ते त्याचं कामही नव्हतं. बाहेरच्या बेअरिंगला वंगण देण्यासाठी हाउसिंगवर वेगळा ग्रीस कप आहे. डिफरन्शियलमधलं तेल डिफरन्शियलमध्येच राहावं, नळीतून चाकापर्यंत पोहोचूच नये, असा हा सगळा हिशेब आहे. म्हणून गळती दिसली की "सील कसं आहे?" हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, तेल इथपर्यंत आलंच कसं?

पहिला संशय: पातळी

बहुतेक वेळा उत्तर इथेच मिळतं, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. आजच्या कुठल्याही गाडीत डिफरन्शियलचं तेल भरण्याच्या भोकापर्यंत भरतात, तेल भोकातून बाहेर यायला लागलं की बूच लावतात. हाताला तीच सवय असते, त्यामुळे मॉडेल टीतही तसंच भरलं जातं. फोर्डनं गाडीबरोबर दिलेल्या पुस्तिकेत मात्र स्पष्ट सांगितलंय की हाउसिंग एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, आणि पातळ वंगण वापरत असाल तर त्याची पातळी भोकाच्या साधारण दीड इंच खाली असावी. दीड इंच म्हणजे 38 मिलिमीटर. भोकापर्यंत भरलेल्या ॲक्सलमध्ये तेल दोन्ही बाजूंच्या नळ्यांत चढतं आणि तिथून ते चाकाकडेच जाणार.

मोजायला सोपं साधन करा. जाड तार काटकोनात वाकवा आणि वाकलेल्या टोकावर दीड इंचाची खूण करा. गाडी सपाट जागी रात्रभर उभी ठेवा, बूच काढून तार आत सोडा. तेल खुणेच्या वर लागत असेल तर जादाचं तेल पिचकारीनं ओढून काढा. त्यानंतर ड्रम साफ करून गाडी चालवून बघा. बऱ्याच गाड्यांची गळती इथेच थांबते.

गाडी कुठल्या चाकातून जास्त गळते तेही बघा. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे गाडी सतत किंचित डावीकडे कललेली असते आणि पातळी जास्त असेल तर डावं चाक आधी ओलं होतं. अमेरिकेत हेच उजव्या चाकाला होतं. गळती फक्त उतरत्या बाजूला असेल तर पातळीवरचा संशय पक्का धरा. उजवीकडेही तेवढीच गळत असेल तर पुढे वाचा.

पातळी आपोआप वाढतेय का?

हे अनेकांना चमत्कारिक वाटतं, पण मॉडेल टीत घडतं. तेल बरोबर खुणेपर्यंत ठेवलं, काही महिन्यांनी पुन्हा बघितलं तर पातळी वर. कोणीही तेल घातलेलं नाही.

ते इंजिनाचं तेल असतं. या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सला एकच तेल. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, युनिव्हर्सल जॉइंटच्या (वाकू शकणाऱ्या सांध्याच्या) पुढे, एक बेअरिंग आहे. मॉडेल टीवाले त्याला चौथं मेन म्हणतात. ते झिजलं की तेल त्याच्यातून मागे निसटतं, टॉर्क ट्यूबमध्ये (ड्राइव्ह शाफ्टभोवतीच्या नळीत) उतरतं आणि ड्राइव्ह शाफ्टच्या कडेनं वाहत डिफरन्शियलमध्ये जमा होतं. गाडी चढावर तोंड करून उभी ठेवायची सवय असेल तर आणखी लवकर.

ओळखायची खूण सोपी आहे. ॲक्सलमधलं थोडं तेल काढून बोटांवर घ्या. डिफरन्शियलचं मूळ वंगण मधासारखं जड असतं, बोटं लांब केली की तार धरतं. इंजिनाचं तेल मिसळलेलं असेल तर ते पातळ आणि काळपट होतं, तार तुटते. अशा वेळी चाकाकडचं सील कितीही भारी आणलं तरी ते हरणार, कारण पाणी भरणारा नळ पुढे उघडाच आहे. चौथ्या मेनचं काम आधी करा, मग मागे वळा.

शाफ्ट आणि बेअरिंग

पातळी बरोबर, तेल जड, तरीही गळतंय. आता चाक जॅकवर घ्या. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, गाडी मजबूत स्टॅण्डवर ठेवा आणि मगच हात घाला. मागचं चाक वर उचलल्यावर मॉडेल टीला पायाचा ब्रेक असून नसल्यासारखा, कारण डिफरन्शियल एका चाकाला फिरू देतं.

चाक वर-खाली हलवून बघा. खालून हात लावून उचललं की खडखड जाणवत असेल तर रोलर आणि शाफ्टमध्ये जागा झाली आहे. शाफ्टचा मूळ व्यास त्या जागी 1.062 इंच. हब आणि बेअरिंग निघाल्यावर मायक्रोमीटरनं रोलर फिरतात तिथे आणि रोलरनं कधी न शिवलेल्या भागात, असं दोन्हीकडे मोजा. रोलरच्या पट्ट्यात हाताच्या नखाला पायरी लागत असेल तर मायक्रोमीटरचीही गरज नाही, शाफ्ट गेला. असा शाफ्ट चाकासोबत एका बाजूला झुकून फिरतो आणि सीलच्या ओठाला दर फेरीत बाजूला ढकलतो. नवं सील थोडे दिवस हे सोसतं, मग त्याचा ओठ एका बाजूनं झिजतो. "थोडे दिवस बरं वाटलं" याचं स्पष्टीकरण बहुधा हेच असतं.

शाफ्ट झिजलेला असेल तर त्यावर धातूचा थर चढवून घासण्यापेक्षा नवा शाफ्ट घेणं माझ्या मते शहाणपणाचं. वेल्डिंगची उष्णता या व्हॅनेडियम पोलादाच्या शाफ्टला मानवत नाही, आणि सेमी-फ्लोटिंग ॲक्सलमध्ये शाफ्ट तुटला की चाक सुटून जातं. स्लीव्हही बघा. ती हाउसिंगमध्ये सैल फिरत असेल तर तेलाला तिच्या बाहेरून वाट मिळते.

हब आणि टेपर: इथे नीट थांबा

हब काढताना शाफ्टच्या टोकावर हातोडा मारू नका. नटवर एखादा तुकडा लावून घण घालण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. तो धक्का शाफ्टमधून सरळ डिफरन्शियलच्या थ्रस्ट वॉशरवर जातो, आणि ते किती नाजूक असू शकतात हे पुढे सांगतोच. हबच्या आट्यांवर चढणारा पुलर मिळतो, तो लावा, ताण देऊन ठेवा आणि वाट बघा. टेपर स्वतःहून "ठक" करून सुटतो.

हब निघाला की पुसू नका. आधी बघा. टेपरवर आणि हबच्या भोकात विटकरी रंगाची कोरडी भुकटी दिसली तर हब शाफ्टवर हलत होता. ती गंजासारखी दिसते, पण पाण्यानं झालेली नसते, दोन धातू सूक्ष्म घासल्यानं झालेली असते. चावीच्या दोन्ही कडांकडे बघा. कडेवर चकाकणारी अरुंद पट्टी किंवा पायरी पडलेली असेल तर गाडी चालवण्याचा आणि थांबवण्याचा सगळा जोर टेपरनं नाही, त्या एवढ्याशा चावीनं पेलला आहे. ती कधीतरी कापली जाणार. कापली की इंजिन फिरतं, शाफ्ट फिरतो, चाक नाही, आणि पायाचा ब्रेकही गेला.

चांगल्या टेपरची परीक्षा निळ्या मार्किंग रंगानं करा. चावी काढून ठेवा, शाफ्टच्या टेपरवर रंगाचा अगदी पातळ हात द्या, हब हातानं दाबून किंचित फिरवा आणि काढा. हबच्या आत रंग सगळीकडे लागला पाहिजे, निदान रुंद बाजूला पूर्ण वेढा तरी हवा. फक्त एका कडेला रंग लागला असेल तर टेपर झिजलाय. व्हॉल्व्ह घासण्याच्या पेस्टनं हलकं लॅपिंग (घासून जुळवणं) करता येतं, पण बेतानं. कारण टेपर जितका झिजतो तितका हब आत सरकतो. फार आत गेला की ब्रेक ड्रम मागच्या पत्र्याला घासायला लागतो. गाडी चालताना चाकाच्या वेगाबरोबर खरखर येत असेल तर हेच आहे का बघा. टेपरमध्ये घालायचे पातळ शिम (पत्र्याचे तुकडे) मिळतात, त्यानं हब पुन्हा बाहेर येतो. मात्र हबच्या चावीच्या खाचेजवळ बारीक तडा असेल तर शिम, लॅपिंग काहीही करू नका. तो हब भंगार.

चावी बसवताना तिच्या माथ्यावर जागा राहिली पाहिजे. माथा हबला टेकला तर हब चावीवर बसतो, टेपरवर नाही, आणि नट कितीही आवळला तरी सैल राहतो. चावीच्या खाचेतूनही तेल बाहेर नटपर्यंत येतं. तिथे थोडं सीलंट द्या. टेपर मात्र कोरडा आणि स्वच्छ ठेवा.

नट आवळून स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर पुढे आवळून जुळवा. मागे सैल करून जुळवणं हे या सगळ्या दुखण्याचं मूळ आहे. थोडं अंतर चालवून झालं की टोपी काढून पुन्हा आवळा, कारण टेपर बसतो आणि नट ढिला होतो. हे पुन्हा आवळणं बहुतेक जण विसरतात.

मग सील

एवढं सगळं नीट असेल तर आणि तेव्हाच सीलचा विचार. फेल्टच्या जागी बसणारी आधुनिक रबरी ओठाची सील मिळतात आणि ती चांगली आहेत. ओठ जिथे टेकतो तिथला शाफ्टचा भाग गुळगुळीत पाहिजे. ग्रीस कप जपून फिरवा. दर वेळी पूर्ण आवळत राहिलात तर ग्रीसच ड्रममध्ये जाईल आणि तुम्हाला ती तेलाची गळती वाटेल. ड्रममध्ये सापडलेला माल घट्ट पिवळट आहे की काळा वाहता, यावरून दोन्हींतला फरक कळतो.

हाउसिंगच्या मधल्या जोडातून किंवा नळ्या जिथे रिव्हेटनं बसवल्यात तिथूनही तेल झिरपतं आणि नळीच्या खालच्या अंगानं वाहत चाकाजवळ येऊन टपकतं. सगळं धुऊन, वाळवून, खडूची पूड फासून थोडी गाडी चालवा. ओली रेघ नेमकी कुठून सुरू होते ते दिसेल. मधल्या जोडाला जाड गॅस्केट घालू नका. तिथली जाडी बदलली की क्राउन व्हील आणि पिनियनचं जुळणं बदलतं.

ॲक्सल उघडलाच आहे तर: थ्रस्ट वॉशर

मॉडेल टीच्या बाबतीत मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते हे. डिफरन्शियल आडवं सरकू नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना थ्रस्ट वॉशर आहेत. मूळ गाडीत ते बॅबिटचे, म्हणजे मऊ पांढऱ्या धातूचे, दोन पोलादी चकत्यांच्या मधे बसवलेले. जवळजवळ शंभर वर्षांनंतर हे बॅबिट ठिसूळ होऊन तुकडे पडतं. क्राउन व्हीलच्या पाठीमागचा वॉशर असा गेला की क्राउन व्हील पिनियनपासून दूर सरकतं, दात निसटतात आणि एकाच क्षणी गाडीची ओढही जाते आणि पायाचा ब्रेकही.

बाहेरून ताडायचं असेल तर एक चाक धरून आत-बाहेर ओढा आणि दुसऱ्या माणसाला पलीकडच्या चाकाकडे बघायला सांगा. दोन्ही चाकं एकत्र सरकत असतील तर अख्खं डिफरन्शियल सरकतंय, वॉशर गेले. तेवढंच एक चाक हलत असेल तर दोष त्या शाफ्टच्या आतल्या टोकाशी आहे. तेल काढल्यावर त्यात करड्या रंगाचे, बोटांनी मोडणारे कण सापडले तर गाडी तिथून हलवू नका. पितळी-ब्राँझचे वॉशर बनवून मिळतात. गाडीत ते आहेत याची खात्री नसेल, मागच्या मालकानं नुसतं "सगळं केलंय" म्हटलं असेल, तर ॲक्सल उघडून डोळ्यांनी बघा.

तेल कुठलं? जड, 600 डब्ल्यू प्रकारचं. मॉडेल टीचे गिअर सरळ दातांचे बेव्हल आहेत. पॅकार्डनं 1926 मध्ये आणलेल्या हायपॉइड गिअरमध्ये दात एकमेकांवर घसरतात, त्यांना लागणारी गंधकयुक्त रसायनं इथे नकोत. आजच्या जीएल-5 दर्जाच्या गिअर तेलातली अशी रसायनं ब्राँझला त्रास देऊ शकतात. फोर्डच्या टीटी ट्रकमध्ये वर्म (स्क्रूसारखा गिअर) आणि ब्राँझचं चाक आहे, तिथे तर ही काळजी दुप्पट.

गाडी मॉडेल टी नसेल तर

मॉडेल ए, म्हणजे 1928 ते 1931 च्या गाड्यांत रचना थ्री-क्वार्टर फ्लोटिंग आहे. हबमधलं रोलर बेअरिंग शाफ्टवर नाही, हाउसिंगच्या टोकावर बाहेरून फिरतं, त्यामुळे वजन हाउसिंग पेलतं. टेपर, चावी आणि नटचे नियम वरचेच. पण गळतीच्या जागा दोन: नळीतून येणारं डिफरन्शियलचं तेल आणि हबमधलं ग्रीस, प्रत्येकाला वेगळं सील. हाउसिंगचं टोक झिजलं तर चाक डगमगतं आणि दोन्ही सील जातात. इथे चारही चाकांना ब्रेक आहेत, म्हणून एक चाक तेलकट झालं की ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

मोठ्या गाड्या आणि ट्रकच्या फुल-फ्लोटिंग ॲक्सलमध्ये शाफ्ट नुसता पीळ देतो, हब स्वतःच्या बेअरिंगवर असतो. तिथे बाहेरच्या फ्लँजचं गॅस्केट आणि ढिले बोल्ट आधी बघा.

आता परत मॉडेल टीकडे. भारतात आलेल्या मॉडेल टी बहुतेक कॅनडातल्या फोर्डकडून, उजव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या. मुंबईत फोर्डची भारतीय कंपनी 1926 मध्ये स्थापन झाली, तेव्हा मॉडेल टीचं शेवटचं वर्ष जवळ आलं होतं. त्या शेवटच्या, 1926-27 च्या गाड्यांचे हातब्रेकचे ड्रम मोठे, 11 इंचांचे आहेत आणि शूला लायनिंग आहे. आधीच्या छोट्या ड्रममध्ये बिडाचे उघडे शू असतील तर ते रॉकेलनं धुऊन, पुसून, पॉलिश पेपर मारून पुन्हा चालतात. लायनिंग मात्र एकदा तेल प्यायलं की धुऊन किंवा भाजून सुधारत नाही, बदलाच. जुन्या लायनिंगची भुकटी हवेच्या पाइपनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

काम झाल्यावर हातब्रेक सपाट, मोकळ्या जागी तपासा. सावकाश गाडी चालवत फक्त हातब्रेकवर थांबवा. दोन्ही चाकं सारखी धरतात का, गाडी सरळ थांबते का बघा. मग पहिल्या काही फेऱ्यांनंतर प्रत्येक वेळी तार घालून पातळी बघा आणि ड्रमच्या मागच्या पत्र्यावर कोरडं बोट फिरवा. पातळी चढत असेल तर चौथ्या मेनकडे परत जा. पातळी स्थिर आणि बोट ओलं, तर त्या बाजूचा शाफ्ट पुन्हा मोजा.